पोळा, पोया, पोला

श्रावणातल्या ज्या अमावास्येला हिंदी पंचांग भाद्रपदाची अमावास्या म्हणते, त्या दिवशी पांढुर्णा आणि सौसर या तालुक्यांत बैलांचा जो सण होतो त्याला तीन नावे आहेत, आणि ती तिन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत. मराठी दिनदर्शिकेवर तो पोळा असतो, आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळणाऱ्या घरधन्याच्या तोंडी तो पोया असतो, आणि हिंदी वर्तमानपत्रात किंवा सरकारी सूचनेत तो पोला होतो. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, तेव्हा पात्राच्या मध्यभागी झेंडा लावून रोवलेले झाडही असेच तिहेरी नावाचे असते: पुस्तकात पळस, घरात पयस, कचेरीत पलाश. सौसर तालुक्यातले हनुमानाचे प्रसिद्ध देवस्थान मराठीत जामसावळी आहे, पण रस्त्यावरच्या पाटीवर ते जामसावली असते.

हे तीन उच्चार ऐकणारा सुशिक्षित मनुष्य सहसा असा निवाडा देतो की पहिला उच्चार शुद्ध, तिसरा हिंदी म्हणून आपल्या जागी ठीक, आणि मधला मात्र गावंढळ व अशुद्ध. ध्वनिव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले तर हा निवाडा टिकत नाही, कारण मधला उच्चार हा पहिल्याचा नियमाने चालणारा वारस आहे आणि त्याने मराठीतला एक अतिशय जुना भेद सांभाळून ठेवला आहे, तर तिसरा उच्चार तोच भेद पुसून टाकतो. हे म्हणणे नीट उभे करायचे तर आधी अक्षर आणि ध्वनी यांची फारकत करावी लागते, आणि त्या कामी कॅनडाच्या उत्तरेकडील एका दूरच्या भाषेची साक्ष फार उपयोगी पडते.

प्रदेशाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा मिळून जो जुना मध्य प्रदेश झाला होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि राज्यकारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, दक्षिणेकडच्या मराठी पट्ट्यासह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा नोंदवणारे १२ लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यांतला एक मोठा, सलग वस्तीचा गट याच पट्ट्यातला आहे. येथील बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे: मला-तुला यांच्या जागी मले-तुले, माझा-तुझा यांच्या जागी माहा-तुहा, वीसच्या जागी ईस, वेळच्या जागी येय. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये स्टेन कोनो यांनी सिद्ध केला, त्यात वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांतील मराठीला तिचे स्वतंत्र प्रकरण मिळाले. तेव्हापासून ही बोली अभ्यासकांच्या नोंदवहीत आहे. शाळेच्या फळ्यावर मात्र ती अजून आलेली नाही.

भाषेची ध्वनिव्यवस्था म्हणजे तिच्यातल्या आवाजांची यादी नव्हे. माणसाच्या तोंडून निघणारे आवाज असंख्य असतात आणि एकच मनुष्य एकच शब्द दोनदा अगदी सारखा उच्चारीत नाही. तरीही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण त्याचे कान काही ठरावीक भेदांनाच दाद देतात आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करतात. ज्या भेदाने अर्थ बदलतो तो भेद धारण करणाऱ्या एककाला भाषाविज्ञानात स्वनिम म्हणतात, आणि ज्याने अर्थ बदलत नाही, केवळ परिसराप्रमाणे उच्चार पालटतो, त्या रूपांना स्वनांतरे म्हणतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ळ हा ध्वनी येतो, पण तिथे तो दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ड चे स्वनांतर आहे. तो ड पेक्षा वेगळा मानून कोणताही अर्थभेद होत नाही. मराठीत ळ हा स्वतंत्र स्वनिम आहे, कारण काल आणि काळ, मूल आणि मूळ, वेल आणि वेळ, चाल आणि चाळ हे शब्द त्याच्या एकट्याच्या बळावर वेगळे राहतात. ध्वनी तोच असला तरी एका भाषेत तो सावली असतो आणि दुसऱ्या भाषेत स्वतःच्या पायांवर उभा असतो.

अक्षरांचा आणि या व्यवस्थेचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. देवनागरी जशी लिहावी तशीच वाचली जाते असा अभिमान मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे, परंतु संख्यावाचक चार आणि ‘गुरे चार’ या आज्ञेतला चार यांचे उच्चार निराळे आहेत, पृथ्वी या अर्थाचे जग आणि पाण्याचा जग हेही निराळे आहेत, आणि लिपीला या दोन्ही जोड्यांतला फरक दाखवता येत नाही. म्हणजे च, ज, झ या तीन अक्षरांनी मराठीतले जवळजवळ दुप्पट ध्वनी अंगावर घेतले आहेत. उलट ण हे अक्षर हिंदी शाळेतही शिकवले जाते आणि मराठी शाळेतही, आणि खुद्द पांढुर्णा या नावात ते बसलेले आहे. तरी गावच्या बोलण्यात तो न च असतो, कोण चे कोन होते आणि पाणी चे पानी. अक्षर आहे पण ध्वनी नाही, ध्वनी आहे पण अक्षर नाही, अशी दोन्ही उदाहरणे एकाच गावात मिळत असताना अक्षराच्या आधारे उच्चाराची शुद्धता ठरवणे हे मापाविना धान्य मोजण्यासारखे आहे.

आता ळ चा प्रश्न. ल उच्चारताना जीभ मध्ये टेकते आणि हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटते, म्हणून अशा ध्वनींना पार्श्विक म्हणतात. ळ हाही पार्श्विकच, पण त्यात जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या छताकडे जाते. म्हणजे ळ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: जिभेचे वळण आणि बाजूंची वाट. एकाच क्षणी दोन कामे करणारे ध्वनी भाषांच्या इतिहासात फार काळ जसेच्या तसे राहत नाहीत, आणि त्यांचे काय होते हे त्यांतले कोणते काम सुटले यावरून ठरते. वळण सोडून बाजूंची वाट राखली तर ल मिळतो. बाजूंची वाट बंद करून जिभेचा झटका राखला तर र किंवा हिंदीतल्या गुड़ मधला ड़ मिळतो. आणि दोन्ही सैल पडून जिभेचा मधला भाग नुसता उंचावलेला राहिला तर य मिळतो. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीने र ची वाट धरली, तिथे डोळ्याचा डोरा होतो. वऱ्हाडीने आणि पश्चिमेकडे खानदेशातल्या अहिराणीने य ची वाट धरली, तिथे डोया होतो. शाळा, फळ, जवळ, डाळ, आवळा, तीळ यांचे शाया, फय, जवय, दाय, आवया, तीय होतात, आणि ते एका-दोन शब्दांत चुकून झालेले नसून सगळीकडे सारख्याच रीतीने होतात. चूक कधी इतकी शिस्तशीर नसते.

या शिस्तीच्या पोटात आणखी एक जुनी शिस्त आहे, आणि लेखाचा सगळा भार तिच्यावर आहे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचा जो पायाभूत ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंचमध्ये लिहिला आणि ज्याचा मराठी अनुवाद वा. गो. परांजपे यांनी केला, त्यापासून मराठी भाषेच्या इतिहासकारांना ही गोष्ट परिचित आहे की मराठीतला ल आणि मराठीतला ळ यांची पूर्वपीठिका वेगवेगळी आहे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये जिथे एकेरी ल होता तिथे मराठीत ळ आला, आणि जिथे दुहेरी ल्ल होता तिथे ल राहिला. संस्कृत काल, फल, बाल, माला, वेला यांच्यापासून काळ, फळ, बाळ, माळ, वेळ झाले. गल्ल, पल्ली, भल्ल यांच्यापासून गाल, पाल, भला झाले. शिवाय गुड, षोडश, तडाग यांतल्या ड पासूनही गूळ, सोळा, तळे असे ळ आले. दुहेरी व्यंजन एकेरी झाले, त्याची लांबी गेली, पण ती लांबी जो भेद वाहत होती तो भेद ल आणि ळ यांच्या रूपाने जिवंत राहिला. मराठी बोलणारा मनुष्य गाल आणि गाळ वेगळे म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकेरी-दुहेरीचा हिशेब नकळत पाळत असतो.

हिंदीने हा हिशेब मिटवला. तिथे काला आणि भला यांतला ल एकच आहे. हिंदीच्या दृष्टीने यात काही बिघडले नाही, प्रत्येक भाषा काही ना काही मिटवत असते. परंतु पांढुर्ण्याच्या बोलीने तो मिटवलेला नाही. तिच्यात काळा चा काया होतो आणि भला हा भलाच राहतो. वेळ आणि वेल यांचे येय आणि येल होतात. पाल ती पालच राहते. म्हणजे ज्या बोलीला ळ येत नाही अशी तिची हेटाळणी होते, तिने ळ चा आवाज सोडला असला तरी ळ चे काम सोडलेले नाही. याउलट पोयाला सुधारून त्याच्या जागी पोला शिकवला, की शब्द ल च्या घरात जाऊन बसतो आणि तो जुना भेद तिथल्या तिथे संपतो. नुकसान कुठेच होत नाही असे मात्र नाही. काळ चा काय झाला की तो प्रश्नार्थक काय शी एकरूप होतो, आणि अशा जोड्या संदर्भाने सोडवाव्या लागतात; पण त्या एका बाजूच्या खर्चासमोर ल च्या बाजूला राखलेली शिल्लक मोजली पाहिजे.

ध्वनी जातो आणि भेद राहतो, हा प्रकार एकट्या वऱ्हाडीचा नाही. कॅनडातील अथाबास्का सरोवराच्या परिसरात, सास्काचेवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या उत्तर भागांत आणि त्यांच्याही वरच्या वायव्य प्रदेशात जी भाषा बोलली जाते तिला इंग्रजी पुस्तके चिपेवायन म्हणतात; हे नाव शेजारच्या क्री लोकांनी दिलेले, टोकदार कातडी पोशाखावरून पडलेले आहे, आणि स्वतः ते लोक आपल्याला डेने म्हणवतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नावाहो भाषा याच अथाबास्कन कुळातली आहे. वर्गवारीच्या चौकटीत वाढलेल्या मराठी वाचकाला चिपेवायनची व्यंजने समजायला फारशी अडचण पडू नये. क-ख-ग-घ अशी चार घरांची रांग आपल्याकडे आहे, तशी तिच्याकडे तीन घरांची रांग आहे: पहिल्या घरात साधा ध्वनी, दुसऱ्यात आपल्या थ सारखा श्वासाचा झोत असलेला, आणि तिसऱ्यात आपल्याकडे नसलेला एक प्रकार, ज्यात कंठातली झडप बंद ठेवून तोंडात अडकलेल्या तेवढ्याच हवेवर दाब आणला जातो आणि ध्वनी फटकन सुटतो. अशा तिहेरी रांगा सातच्या आसपास आहेत. ओठांच्या ध्वनींची मात्र टंचाई आहे. ब सारखा एक आणि म, एवढ्यावर ती भाषा भागवते, आणि ज्या पवर्गाशिवाय भारतीय बाळाची पहिली हाकही निघत नाही त्याची तिला उणीव भासत नाही.

पण ओठांकडे केलेली काटकसर तिने जिभेच्या बाजूंवर उधळली आहे. हिंदीत पार्श्विक ध्वनी एक आहे, मराठीत दोन आहेत, चिपेवायनमध्ये पाच आहेत. एक साधा ल. दुसरा ल सारखीच जीभ ठेवून नुसत्या श्वासाने घासत काढलेला, कुजबुजत्या ल सारखा. आणि पुढचे तीन हे जीभ आधी पूर्ण अडवून मग बाजूंनी सोडलेले, त्या तिहेरी रांगेप्रमाणे साधा, झोताचा आणि फटकन सुटणारा. त्या लोकांच्या कानाला हे पाच ध्वनी तितकेच स्वच्छ वेगळे आहेत जितके मराठी कानाला ल आणि ळ, आणि बाहेरच्याला ते सगळे ‘ल सारखे काहीतरी’ वाटतात, जसा हिंदी कानाला ळ हा ‘ल सारखा काहीतरी’ वाटतो. कमी-जास्त असे येथे काही नाही. प्रत्येक व्यवस्थेने आपली कुंपणे निराळ्या जागी घातली आहेत.

या भाषेच्या अभ्यासाची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. भाषावैज्ञानिक एडवर्ड सपीर यांचा चिनी शिष्य ली फांग-क्वे हा १९२८ च्या उन्हाळ्यात फोर्ट चिपेवायन येथे गेला आणि फ्रान्स्वा मँडेव्हिल या जाणत्या कथनकाराकडून त्याने कथा उतरवून घेतल्या. त्याचे व्याकरणाचे टिपण १९४६ मध्ये आणि कथांचा संग्रह १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिनी माणसाचे कान सुरांना सरावलेले असतात, आणि चिपेवायनमध्ये शब्दाचा सूर उंच की खाली यावरून अर्थ बदलतो. हा सूर आला कोठून याचा शोध पुढे घेतला गेला तेव्हा असे दिसले की या कुळाच्या मूळ भाषेत शब्दाच्या काही अवयवांच्या शेवटी कंठाचा अडसर होता. तो अडसर गळून पडला, पण जाता जाता स्वराला सूर देऊन गेला. गंमत अशी की चिपेवायनमध्ये त्या जागी उंच सूर आला आणि नावाहोमध्ये खालचा. आवाज उलट दिशांना गेले, भेद मात्र दोन्हीकडे शाबूत राहिला. इतक्या दूर जायची गरज नसेल तर पंजाबीकडे पाहावे: तिथे घोड़ा या शब्दातला घ निघून गेला, कानाला तो जवळजवळ क ऐकू येतो, आणि घ चे काम स्वराच्या सुराने अंगावर घेतले. पंजाबीला घ येत नाही म्हणून तिला कोणी अशुद्ध म्हटल्याचे ऐकिवात नाही.

सपीर यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याच कुळातल्या सार्सी भाषेचे एक उदाहरण दिले आहे, आणि ध्वनिविचाराच्या इतिहासात त्याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. दोन शब्द सपीर यांच्या तरबेज कानांना तंतोतंत सारखे ऐकू येत होते, पण ती भाषा बोलणारा त्यांचा सोबती ठामपणे सांगत होता की दुसऱ्याच्या शेवटी त आहे. उच्चारात तो त कुठेही नव्हता. मात्र त्या शब्दाला विशिष्ट प्रत्यय जोडताच त उघड झाला, आणि पहिल्या शब्दाला तो जोडला असता झाला नाही. भाषा बोलणारा मनुष्य कानांनी ऐकतो त्याहून अधिक काही मनात ऐकत असतो, आणि ते ‘अधिक’ म्हणजेच त्याची ध्वनिव्यवस्था होय, असा सपीर यांचा निष्कर्ष होता.

हे उदाहरण पांढुर्ण्याला लावून पाहिले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. पोया म्हणणाऱ्या माणसाच्या मनात ळ ऐकू येतो का? महाराष्ट्रातल्या वरुड, मोर्शी किंवा नरखेड येथील मुलाच्या मनात तो येतो असे मानायला जागा आहे, कारण तो घरी पोया म्हणतो आणि शाळेत पोळा वाचतो. त्याचे गुरुजी त्याला कदाचित हसत असतील, दुरुस्त करीत असतील, पण फय म्हणजे फळ आणि दाय म्हणजे डाळ ही जोडणी त्याच्या डोक्यात घट्ट बसते, आणि गाय मधला य व दाय मधला य हे दोन वेगळ्या घरचे आहेत हे त्याला कळते. सीमेपलीकडे पाच-दहा कोसांवर तोच पोया म्हणणाऱ्या मुलाला हिंदी माध्यमात पोला, फल, दाल हे शब्द मिळतात. त्याच्यासमोर ळ हे अक्षर कधी येतच नाही, म्हणून घरचा पोया आणि शाळेतला पोला यांना जोडणारा पूलही त्याला दिसत नाही. ते त्याला दोन भाषांतले दोन शब्द वाटतात, एक चुलीजवळचा आणि एक कचेरीतला. ध्वनिबदल एकच, पण राज्याच्या सीमेच्या दोन बाजूंना त्याचे भवितव्य दोन प्रकारचे होण्याचा धोका आहे: एका बाजूला तो बोलीचा जिवंत नियम राहील, दुसऱ्या बाजूला तो कारण हरवलेली सवय होऊन बसेल, आणि कारण हरवलेली सवय लाजेपुढे फार काळ टिकत नाही.

म्हणून पुण्याच्या शुद्धलेखनवाद्यांची थट्टा ही या बोलीची खरी शत्रू नाही. ती कानाला लागते, परंतु ती निदान ळ हे अक्षर हाती देते. ज्या विद्वानांना वऱ्हाडी उच्चार ऐकून कपाळाला आठी पडते त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे की मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरवले जाणारे लीळाचरित्र याच वऱ्हाडात, रिद्धपूरच्या महानुभावांकडे आकाराला आले. आणि त्या ग्रंथाच्या नावातल्या लीळा या शब्दात जो ळ आहे तो संस्कृतात नसून मराठीच्या एकेरी ल च्या नियमाने आलेला आहे. पण हे केवळ जाता जाता.

गंभीर आक्षेप निराळा आहे. प्रत्येक बोलीने आपापला उच्चार लिहायला घेतला तर सामायिक लेखी मराठी उरणार कशी, असे विचारले जाते, आणि हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की पोया लिहिण्याची गरजच नाही. पोळा लिहावे आणि पोया वाचू द्यावे. स्पॅनिश भाषेने हेच केले आहे. तिच्यात दोन ल जोडून लिहिलेला एक ध्वनी पूर्वी टाळूजवळ उच्चारला जाणारा पार्श्विक होता, आज बहुसंख्य स्पॅनिश भाषक त्याच्या जागी य म्हणतात, आणि योगायोग असा की कोंबडीचा शब्द पोयो असा ऐकू येतो, दगडी ओट्याच्या पोयो या शब्दाशी अगदी एकरूप होऊन. लेखनात ते दोन शब्द वेगळे आहेत, बोलण्यात एक आहेत, आणि माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत शाळा बिनबोभाट चालतात. चिपेवायनमध्येही काही वस्त्यांत झोताचा त हा क मध्ये मिसळून गेला आहे, त्यामुळे सरोवर या अर्थाचा शब्द कुठे तुए तर कुठे कुए असा ऐकू येतो. वायव्य प्रदेशातल्या एका मोठ्या हिऱ्याच्या खाणीचे गाचो कुए हे नाव या दुसऱ्या उच्चाराचे आहे. त्याला बोलीभेद म्हणतात, बिघाड म्हणत नाहीत. सामायिक अक्षर हे सगळ्यांचा उच्चार एक करण्यासाठी नसते, वेगवेगळे उच्चार एकमेकांना ओळखू शकावेत यासाठी असते, आणि ळ हे अक्षर पोळा आणि पोया यांच्यामध्ये नेमके तेच काम करू शकते. पोला ते करू शकत नाही, कारण त्याच्यातून मागे जायची वाट नाही: फल हा शब्द पाहून त्याचे घरचे रूप फय असेल की फल, हे कोणालाही सांगता येणार नाही.

येथे या पट्ट्यातल्या मराठी भाषकांनाही एक गोष्ट सुनावणे भाग आहे. हिंदीच्या कानाला पोया जसा विचित्र लागतो तशीच या मराठी घरांच्या कानाला गोंडी विचित्र लागते, आणि सातपुड्यात पश्चिमेकडे मेळघाट-बैतूलपर्यंत पसरलेली कोरकूही. देवगडच्या गोंड राजांच्या या मुलखात गोंडी ही पाहुणी नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशभरात तिचे सुमारे ३० लाख भाषक नोंदले गेले, कोरकूचे सव्वासात लाख. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, आणि नॉर्मन झाईड यांनी १९६० मध्ये तिच्या ध्वनिव्यवस्थेवर पूर्ण केलेल्या प्रबंधापासून अभ्यासकांना ठाऊक आहे की तिच्यात खालचा सूर अर्थभेद करतो. म्हणजे ज्या गुणामुळे चिपेवायनचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत येते तो गुण पांढुर्ण्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर ऐकायला मिळतो. तरी कोरकू देवनागरीत सहसा सुराच्या चिन्हाशिवाय लिहिली जाते, आणि जो भेद लिहिला जात नाही तो आधी शाळेत व मग घरात ऐकू येईनासा होतो. गोंडीसाठी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये बालाघाटकडे लिपी घडवली. ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आपल्या ळ साठी दाद मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या सुराकडे कानाडोळा करू नये, इतकेच म्हणणे.

लिपी भाषेला कशी पुरते आणि कशी पुरत नाही याचा अनुभव चिपेवायनने दोनदा घेतला आहे. पहिल्यांदा मिशनऱ्यांकडून, ज्यांनी क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स यांनी १८४० च्या सुमारास घडवलेली अक्षरलिपी थोड्या फेरफाराने तिला दिली. त्या लिपीची आकारकल्पना इव्हान्स यांना अंशतः देवनागरीवरून सुचली असावी असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि एकच आकार फिरवून वेगवेगळे स्वर दाखवण्याची तिची युक्ती सुंदर आहे. पण ती क्रीच्या मोजक्या व्यंजनांच्या मापाने शिवलेली होती, त्यामुळे डेने भाषेच्या तिहेरी रांगा आणि सूर तिच्यात मावले नाहीत. दुसरा अनुभव अलीकडचा आहे. वायव्य प्रदेशात ११ अधिकृत भाषा आहेत आणि चिपेवायन त्यांतली एक आहे. तरीही २०१४-१५ च्या सुमारास तिथल्या मातांनी आपल्या मुलींच्या नावांतला कंठाचा अडसर, जो त्या भाषेत प्रश्नचिन्हासारख्या दिसणाऱ्या अक्षराने लिहिला जातो, जन्मदाखल्यावर मागितला, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की दाखल्यावर रोमन वर्णमालेबाहेरचे अक्षर बसत नाही. भाषा अधिकृत, पण तिचे अक्षर अनधिकृत, अशी ती स्थिती होती.

पांढुर्णा जिल्ह्याला तेवढीही सबब नाही. संविधानाचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेचाच आग्रह धरते. ही मोठी कामे होतील तेव्हा होतील. तोपर्यंत जिल्ह्याने आपल्या पाट्यांवर, दाखल्यांवर आणि सुट्ट्यांच्या यादीत पोळा, पळस, जामसावळी असे लिहावे, आणि पांढुर्णा-सौसर व वरुड-नरखेड येथील शिक्षकांनी मिळून ळ असलेल्या दोनशे शब्दांचे उच्चार गावोगावच्या साठीपुढच्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. निमाडी आणि राजस्थानी बोलींत ळ आजही आहे, तेव्हा हिंदी मुलुखाला तो परका म्हणता येत नाही. केंद्रीय हिंदी निदेशालयाने इतर भारतीय भाषांसाठी वाढवून दिलेल्या देवनागरीतही तो आहे. सरकारी संगणकांवर वापरल्या जाणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तर ल आणि ळ एकाच कळीवर बसतात. शिफ्ट दाबली की ळ उमटतो.